कोलकात्याच्या आकाशातले इलेक्ट्रॉन आणि पवईचा 'प्रथम'

कोलकात्याचं आकाश रेडिओ अभियंत्यांना फार जुन्या काळापासून खुणावतं. चुंबकीय विषुववृत्तावर उंच उचलले गेलेले इलेक्ट्रॉन बलरेषांवरून उत्तर-दक्षिणेला घसरतात आणि या शहराच्या आसपास दाटतात. त्या दाटीतून येताना जीपीएसचे संदेश रेंगाळतात. भौतिकशास्त्रज्ञ शिशिरकुमार मित्र यांनी इथेच आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या या इलेक्ट्रॉनयुक्त वरच्या थराच्या, संशोधनाचा पाया घातला. त्यांचा 'द अपर अ‍ॅटमॉस्फिअर' हा ग्रंथ 1947 चा.

हेच इलेक्ट्रॉन मोजायला पवईतल्या आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये 'प्रथम' हा उपग्रह हाती घेतला. वजन जेमतेम 10 किलो. युक्ती मात्र देखणी! उपग्रहाने दोन कंपनसंख्यांवर रेडिओलहरी सोडायच्या. आयनांबरातून उतरताना त्यांच्या कंपनाचं प्रतल फिरतं, कमी कंपनसंख्येचं जास्त. जमिनीवरच्या अँटेनांनी हा फरक टिपला की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब लागतो.

खरी कसोटी चिकाटीची होती. एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडायची, दुसरी तिच्या नोंदी वाचत काम पुढे न्यायची. कक्षेत गेल्यावर सैल स्क्रूसुद्धा घट्ट करता येत नाही. म्हणून प्रत्येक चाचणी लिहून ठेवणं हाच या अभियंत्यांचा सर्वांत मोठा धडा म्हणायला हवा.

26 सप्टेंबर 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी35 ने 'प्रथम'सह 8 उपग्रह अवकाशात सोडले.