सातबाऱ्यावर मोजलेली मदत

पूर ओसरला, भूकंप थांबला, की तलाठी पंचनाम्याला निघतो आणि पहिला प्रश्न विचारला जातो : सातबारा कुठे आहे? ज्याचा सातबारा त्याचे नुकसान! मग ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याचे काहीच बुडाले नाही काय? त्याची हंगामभराची मजुरी बुडाली, घरातले धान्य भिजले, शेळी वाहून गेली. पण मजुरीला हेक्टरी दर नसतो.

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. गोदावरी, सीना, मांजरा या नद्यांनी पात्र सोडले. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. शेतकऱ्याला मदत मिळालीच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. आपले कितीतरी बांधव अल्पभूधारक आहेत. प्रश्न आहे तो भूमिहीनांचा. आमच्या गारखेड्यात गावाकडची माणसे कागदांची पिशवी घेऊन सल्ल्याला येतात. पिशवीत रेशनकार्ड असते, आधार असते, जातीचा दाखला असतो. घराच्या जागेचा कागद तेवढा नसतो.

आणि सगळे अडते ते तिथेच. केंद्राने 2022 ते 2026 या काळासाठी ठरवलेल्या निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये आणि झोपडीला 8,000 रुपये होते. मात्र बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला हवा, अशी टीपही सोबत होती. गायरानावर तीन पिढ्या राहणाऱ्या माणसाने हा दाखला आणायचा कोठून?

मुळात आपली वस्ती ओढ्याकाठी, सखल जागी का आहे? ती जागा आपण हौसेने निवडलेली नाही. गावाच्या उंचवट्यावर कोणी राहायचे आणि उतारावर कोणी, हे जातिव्यवस्थेने ठरवले. पाऊस निसर्गाचा असेल, पण पाणी आधी कोणाच्या दारात शिरणार हे माणसांनी ठरवलेले आहे. म्हणून आपत्तीचा धोका कमी करणे हा आमच्या मते दानधर्माचा विषय नाही, तो हक्काचा विषय आहे.

किल्लारीचा धडा विसरून चालणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले आणि 52 गावे नव्या जागी वसवली गेली. पण घरे कशी वाटली? भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400 आणि सात हेक्टरच्या वरच्याला 750! भूकंपाने सातबारा पाहिला नव्हता. घर देताना सरकारने तो पाहिला. जुन्या गावातली विषमता नव्या गावात सिमेंटने पक्की केली गेली.

त्याच किल्लारीने दुसरी गोष्टही शिकवली. ज्या गावांतली घरे जागेवरच दुरुस्त व मजबूत करायची होती, तिथे स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावच्या बायका संवाद सहाय्यक म्हणून उभ्या राहिल्या. अनुदान किती, भिंत कशी बांधायची, हे त्यांनी घरोघरी समजावले. 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या या बायकांनी आपला अनुभव तिकडे नेला. शिबिर घेऊन, फोटो काढून निघून जाणाऱ्या मदतकार्यापेक्षा ही ताकद मोठी आहे. आपत्ती पेलण्याचे बळ बाहेरून वाटता येत नाही. निर्णयात आणि हिशेबात वाटा मिळाला की ते गावातच उभे राहते.

कायदा आपल्या बाजूने आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 चे कलम 61 सांगते, की नुकसानभरपाई व मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना मदतीच्या वाटपात कसे डावलले गेले, ते देशाने पाहिले होते. कलम 31 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती आराखडा असतो. त्यात धोक्याची ठिकाणे नोंदवावी लागतात आणि आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करावा लागतो. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आपली वस्ती त्या आराखड्यात आहे काय? हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी विचारले?

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो पोटासाठी आणि मानासाठी. आज तीच मागणी जीव वाचवण्यासाठीही आहे. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरील भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्येच निघाला. जिथे ती प्रकरणे पडून आहेत, तिथे ती वर काढली पाहिजेत.

बांधवांनो, पूर आल्यावर मोर्चा काढून फार थोडे हाती लागते. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा : वस्तीचे नाव जिल्हा आराखड्यात घ्या, घराच्या जागेचा कागद द्या, मजुरांची यादी आधीच तयार ठेवा. ठरावाची नक्कल जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. त्या पोचेवर उद्या कोर्टात उभे राहता येते. रिकाम्या हाताने कोर्टात गेलेल्याला तारखाच मिळतात, हे वकिलीत आम्ही रोज पाहतो.