जखमी बालकाची रवानगी

१९७६ च्या फेब्रुवारी महिन्यात, अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यविशारद स्वतः चालवीत असलेले लहान विमान शेतात कोसळले. पत्नी तत्क्षणी गतप्राण झाली, चार मुलांपैकी तीन अत्यवस्थ झाली, आणि कित्येक तास कोणीच मदतीस न आल्याने अखेर त्या जखमी पित्यानेच रस्त्यावरची एक मोटार थांबवून लेकरांना जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचविले. तेथील उपचारांत सुसूत्र क्रम नव्हता, ही गोष्ट त्यांच्यातील वैद्याच्या मनाला इतकी लागली की, मुले लिंकन शहरी हलविली जाऊन बरी झाल्यावरही ती त्यांना स्वस्थ बसू देईना. आणि १९७८ साली सहकाऱ्यांसह त्यांनी आघातोपचाराचा जो अभ्यासक्रम सिद्ध केला, तो ‘एटीएलएस’ या नावाने आज जगभर शिकविला जातो. आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, हा त्याचा मूळ क्रम सर्वश्रुत आहे. पण जे आपल्या रुग्णालयात होण्यासारखे नाही ते वेळीच ओळखून रवानगीची तजवीज करावी, हा त्यातील दंडक मला तितकाच मोलाचा वाटतो.

बालकाच्या बाबतीत ही ओळख विशेष कठीण असते. दहा किलो वजनाच्या मुलाच्या देहात सुमारे ८०० मिलिलीटर रक्त असते, म्हणजे पाण्याच्या पेल्याएवढे रक्त गेले की चतुर्थांश गेले. तरीही कोवळ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून आणि हृदय वेगाने धावून रक्तदाब असा सावरून धरतात की, मापकयंत्रावरील आकडा स्वाभाविक दिसतो, आणि मग तो सावरेनासा झाला म्हणजे अकस्मात कोसळतो. म्हणून रवानगीच्या चिठ्ठीवरील ‘रक्तदाब ठीक’ या शब्दांवर भिस्त न ठेवता नाडीचा वेग, हातापायांचा गारठा आणि मुलाची ग्लानी पाहावी. बरगड्या लवचिक असल्याने त्या न मोडताही आतील फुप्फुस चेचले जाते. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र मोठे असल्याने देह लवकर थंडावतो, आणि थंडावलेल्या देहात रक्त नीट गोठत नाही.

प्रवासाचा धोका वेगळाच. तान्ह्या बालकाची श्वासनलिका जेमतेम ४ ते ५ सेंटीमीटर लांब. तीत बसविलेली नळी मान पुढे झुकताच खोल सरकते आणि मागे कलताच बाहेर येऊ पाहते. खड्ड्यांच्या रस्त्यावर, हलत्या गाडीत, ती पुन्हा बसविणे निष्णात हातांनाही दुष्कर. म्हणून श्वासमार्गाचा बंदोबस्त निघण्यापूर्वीच व्हावा. याउलट, ज्या तपासणीने तत्काळ उपचार बदलणार नाही तिच्यासाठी खोळंबणे घातक होय.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, ही मोठी सोय झाली; परंतु गाडी आली म्हणजे सारे झाले, अशी समजूत तालुक्याच्या गावी अजून आढळते, आणि ‘वरच्या दवाखान्यात न्या’ एवढ्यावर जबाबदारी संपते. माझे मत असे की, पाठविणाऱ्या डॉक्टरने स्वीकारणाऱ्या डॉक्टरशी दूरध्वनीवर प्रत्यक्ष बोलल्याविना रवानगी पुरी झाली असे मानूच नये. चिठ्ठीत अपघाताची वेळ, दिलेली औषधे, आणि मुख्यतः मुलाचे वजन नोंदविलेले असावे, कारण प्रत्येक मात्रा त्या वजनावरच ठरते; तसेच काढलेली क्ष-किरणचित्रे सोबत द्यावीत, नाहीतर तीच तपासणी पुन्हा होऊन, किरणोत्सर्गाला प्रौढांहून अधिक संवेदनशील असलेल्या त्या देहावर विनाकारण दुसरा भार पडतो.