अभिमान पदयात्रा

अभिमान पदयात्रा : समलिंगी, उभयलिंगी आकर्षण असलेल्या आणि पारलिंगी व्यक्तींनी आपले अस्तित्व व नागरी हक्क उघडपणे प्रकट करण्यासाठी, बहुधा दरवर्षी, काढलेली सार्वजनिक पदयात्रा. ‘प्राइड’ या इंग्रजी नावाने ती जगभर ओळखली जाते. मराठीत मोर्चा मागणीसाठी निघतो, तर मिरवणूक उत्सवासाठी. या पदयात्रेत दोन्ही हेतू एकत्र आलेले दिसतात. येथे अभिमान याचा अर्थ इतरांहून श्रेष्ठ असल्याचा गर्व असा नसून, समाजाने लादलेल्या लज्जेचा अस्वीकार असा आहे. सहभागी व्यक्तींमध्ये या समूहांबाहेरील आप्त, मित्र व समर्थक यांचाही समावेश असतो.

उगम : विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक राज्यांत समलिंगी संबंध हा गुन्हा होता आणि वैद्यकशास्त्रात समलैंगिकतेची गणना मनोविकारांत होत असे. ओळख उघड होताच उपजीविका गमावण्याचा धोका असल्याने गुप्तता हाच संरक्षणाचा मार्ग उरे. फ्रँक कामेनी या खगोलशास्त्रज्ञास १९५७ मध्ये याच कारणाने सरकारी नोकरी गमवावी लागली. कामेनी व इतर कार्यकर्त्यांनी १९६५ ते १९६९ या काळात दरवर्षी ४ जुलै रोजी फिलाडेल्फियातील इंडिपेंडन्स हॉलपुढे निदर्शने केली. त्यांत पुरुषांनी कोट व टाय, तर स्त्रियांनी झगा किंवा स्कर्ट घालावा, असा दंडक होता. आपण इतर सभ्य नागरिकांसारखेच आहोत, हे दाखविणे हा त्यामागील उद्देश होता.

२८ जून १९६९ रोजी पहाटे न्यूयॉर्कमधील ‘स्टोनवॉल इन’ या मद्यगृहावर पोलिसांनी धाड घातली. अशा धाडी नित्याच्याच होत्या. परंतु या वेळी जमावाने प्रतिकार केला व संघर्ष पुढील काही रात्री चालू राहिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या परिषदेत, या घटनेच्या स्मरणार्थ दरवर्षी जूनअखेर न्यूयॉर्कमध्ये निदर्शने करावीत आणि त्यांत पोशाखाचे वा वयाचे कोणतेही बंधन नसावे, असा ठराव संमत झाला. ही अट काढून टाकणे हा तपशिलातील बदल नव्हता. सभ्यतेचा दाखला देऊन हक्क मागण्याऐवजी, जसे आहोत तसे नागरिक म्हणून वावरण्याचा आग्रह त्यातून व्यक्त झाला. त्यानुसार २८ जून १९७० रोजी ग्रेनिच व्हिलेजपासून सेंट्रल पार्कपर्यंत हजारो लोक चालत गेले. त्याच सुमारास शिकागो, सॅन फ्रान्सिस्को व लॉस अँजेल्स येथेही पदयात्रा निघाल्या. लॉस अँजेल्समध्ये परवान्यासाठी न्यायालयात जावे लागले.

प्रसार : लंडनमधील पहिली पदयात्रा १ जुलै १९७२ रोजी निघाली. सॅन फ्रान्सिस्को येथे १९७८ मध्ये गिल्बर्ट बेकर यांनी तयार केलेला इंद्रधनुषी ध्वज प्रथम फडकला व पुढे तो या चळवळीचे जागतिक चिन्ह ठरला. त्याच वर्षी २४ जूनच्या रात्री सिडनीतील मिरवणुकीत ५३ जणांना अटक झाली. त्यांची नावे वृत्तपत्रात छापली गेल्याने काहींच्या नोकऱ्या गेल्या. उघडकीस आणणे हीच शिक्षा ठरू शकते, याचे हे उदाहरण होय. या घटनांबद्दल न्यू साउथ वेल्सच्या संसदेने २०१६ मध्ये क्षमा मागितली. आफ्रिका खंडातील पहिली पदयात्रा जोहॅनिसबर्ग येथे १३ ऑक्टोबर १९९० रोजी निघाली. तीत काहींनी ओळख लपविण्यासाठी डोक्यावर कागदी पिशव्या घातल्या होत्या. पुढे १९९६ च्या दक्षिण आफ्रिकेच्या संविधानात लैंगिक कलावर आधारित भेदभावास स्पष्ट मनाई करण्यात आली.

भारत : भारतातील पहिली पदयात्रा कोलकाता येथे २ जुलै १९९९ रोजी निघाली, तीत सु. १५ व्यक्तीच होत्या. २९ जून २००८ रोजी दिल्ली व बंगलोर येथेही पदयात्रा निघाल्या. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ‘क्वीअर आझादी’ या नावाने ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत मोर्चा काढण्यात आला. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनाशी निगडित असलेल्या स्थळाची निवड सूचक होती; कारण विरोध होता तो ब्रिटिश राजवटीत १८६० मध्ये केलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ ला. पुण्यातही २०११ पासून अशी पदयात्रा निघू लागली. आरंभीच्या काळात अनेकजण मुखवटे घालून चालत. कुटुंबीयांनी वा घरमालकाने ओळखण्याची भीती त्यामागे असे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांमधील संमतीचे संबंध या कलमातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरविला व ६ सप्टेंबर २०१८ रोजी असे संबंध गुन्हा नसल्याचा अंतिम निर्वाळा दिला. त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहास मान्यता देण्यास मात्र नकार दिला व हा प्रश्न कायदेमंडळावर सोपविला.

महत्त्व : कायदा बदलल्यावर अशा पदयात्रेची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. या पदयात्रांतून होणाऱ्या व्यापारी कंपन्यांच्या जाहिरातीवर चळवळीतूनच टीका झाली असून, न्यूयॉर्कमध्ये २०१९ साली प्रायोजकांविना स्वतंत्र मोर्चाही निघाला. तथापि मिळालेले हक्क कायम टिकतातच असे नाही, हे भारतातील २००९ ते २०१३ या काळातील अनुभवावरून दिसते. इस्तंबूलमध्ये २००३ पासून निघणाऱ्या पदयात्रेवर २०१५ पासून बंदी घालण्यात आली. हंगेरीत मार्च २०२५ मध्ये अशा पदयात्रांवर बंदी घालता येईल असा कायदा झाला व सहभागी व्यक्ती हुडकण्यासाठी चेहरा ओळखणारी यंत्रे वापरण्याची तरतूद त्यात करण्यात आली. तरीही २८ जून २०२५ रोजी बूडापेस्ट येथे एक लाखाहून अधिक लोक रस्त्यावर उतरल्याचा अंदाज आहे.

कायद्याने शिक्षा रद्द करता येते. घरातील, शेजारातील व कामाच्या ठिकाणची भीती त्यामुळे आपोआप नष्ट होत नाही. एकाकी राहणाऱ्या व्यक्तीस आपल्यासारखे इतरही आहेत, हे पदयात्रेतून प्रत्यक्ष दिसते आणि इतर नागरिकांनाही हे लोक आपल्यातलेच असल्याचे कळून येते. पदयात्रेतील संख्या वा थाट यांपेक्षा, किती लोक निर्भयपणे उघड्या चेहऱ्याने चालू शकतात आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे कामावर जाऊ शकतात, हाच समाजाच्या प्रगतीचा खरा निकष होय.