हवा बाहेरची की आतली?

आज गाडीबद्दल बोलूया. गाडी चालवायला शिकण्याबद्दल नव्हे, तो विषय पुन्हा कधीतरी घेऊ. आज बोलायचंय ते पुढच्या दोन सीटांच्या मधे, समोर जी गोल फिरणारी बटणं असतात त्यांच्याबद्दल. पंखा, एसी आणि हीटर ज्यांनी चालतो, ती बटणं.

लग्नाला, देवदर्शनाला, दवाखान्यात जायला आपण गाडीत बसतो. कधी घरची असते, कधी भाड्याची. उकडलं की पदरानं वारा घेतो, गार वाटलं की पदर लपेटून घेतो. पण त्या बटणांना हात लावत नाही. "त्यातलं आपल्याला काय कळतंय?" असं म्हणून गप्प बसतो. आता बघा, आपल्याकडे गाडी चालवणारा उजवीकडे बसतो. म्हणजे ही बटणं त्याच्या डाव्या हाताला जेवढी जवळ, तेवढीच शेजारी बसणारीच्या उजव्या हाताला जवळ. घाटात त्याचे हात स्टिअरिंगवर नि गिअरवर गुंतलेले असतात आणि नजर रस्त्यावर असते. अशा वेळी शेजारच्या बाईला ही बटणं नीट फिरवता आली, तर सगळ्यांचाच प्रवास सुखाचा होतो. आणि त्यात अवघड काहीच नाही. घरातला मिक्सर, गॅस, फ्रिज आपणच चालवतो की.

आधी बटणांची ओळख करून घेऊ. पहिलं पंख्याचं. त्यावर एक, दोन, तीन, चार असे आकडे असतात. जेवढा आकडा मोठा, तेवढा वारा जोरात. दुसरं थंड-गरमचं. एका बाजूला निळा रंग, दुसऱ्या बाजूला लाल. तिसरं वाऱ्याच्या दिशेचं. त्यावर बसलेल्या माणसाचं चित्र असतं आणि बाण दाखवतो की वारा तोंडावर येणार, पायांवर येणार की समोरच्या काचेवर जाणार. चौथं बटण एसीचं. पंखा बंद असेल तर एसी चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पाचवं बटण सगळ्यात छोटं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. काही गाड्यांत ते बटण असतं, तर काहींत इकडून तिकडे सरकवायची दांडी असते. त्यावर मोटारीचं चित्र असतं. एका चित्रात बाण बाहेरून गाडीत शिरतो, म्हणजे बाहेरची ताजी हवा आत येते. दुसऱ्या चित्रात बाण गाडीच्या आतच गोल फिरतो, म्हणजे आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरते. बटणाचा दिवा लागला असेल तर बहुतेक गाड्यांत आतली हवा सुरू आहे असं समजावं. आज बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण गाडीत बसलं की हा एक प्रश्न विचारायचा: हवा बाहेरची आहे की आतली?

आता एसी नेमकं काय करतो ते बघू. आपल्याला वाटतं, एसी म्हणजे गार हवा. पण तो आणखी एक काम करतो. गार पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला की थोड्या वेळानं त्याला बाहेरून पाणी सुटतं. ते पाणी हवेतलंच असतं. गार भांड्याला लागून वाफेचं पाणी होतं. एसीच्या आत अशीच एक गार जाळी असते. हवा तिच्यातून जाताना गार होते आणि तिच्यातला ओलावा जाळीवर राहतो. एसी लावलेली गाडी उभी केली की खाली पाणी ठिबकताना दिसतं, ते हेच. तेव्हा गाडी गळतेय म्हणून घाबरू नका. एसी हवा गार करतो आणि कोरडीही करतो. या दुसऱ्या कामाची गरज पावसाळ्यात पडते.

समजा, जुलै महिना आहे. कराडहून चिपळूणला निघालोय. पाटण गेलं, कोयनानगर गेलं आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. बाहेर धो धो पाऊस, गाडीत सहा-सात माणसं, ओल्या छत्र्या, ओल्या चपला, आणि काचा बंद. बघता बघता समोरची काच पांढरी होते. चालवणारा एका हातानं फडक्यानं पुसतो, दोन मिनिटांत पुन्हा तेच. घाटाच्या वळणावर एक हात काच पुसण्यात असणं किती धोक्याचं, ते सांगायला नको.

ही काच का धुरकट होते? आपल्या श्वासातली वाफ आणि ओल्या कपड्यांचा ओलावा गाडीत कोंडतो. काच बाहेरच्या पावसानं गार झालेली असते, त्या गार काचेवर आतून बारीक थेंब धरतात. तांब्याचीच गोष्ट. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "पावसात कसला एसी लावताय? बंद करा, गार लागतंय." आणि नेमकं तिथंच चुकतं. एसी बंद झाला की ओलावा खेचून घेणारं कुणी उरत नाही. त्यातच आतली हवा फिरत असेल, तर तीच वाफ पुन्हा पुन्हा काचेवर बसते.

मग करायचं काय? आधी हवा बाहेरची करा. एसी लावा. वारा समोरच्या काचेकडे वळवा. पंखा जोरात करा. आणि थंड-गरमचं बटण थोडं लाल बाजूला न्या. एसी आणि गरम हवा एकत्र कशी, असं वाटेल. पण गाडीत ते चालतं. हवा आधी गार जाळीतून जाऊन कोरडी होते, मग हीटरवरून जाऊन उबदार होते. अशी कोरडी, उबदार हवा काचेवरचा ओलावा झटपट पिऊन घेते, आणि गारठाही लागत नाही. काचेच्या चित्रावर वर जाणारे वळणदार बाण असलेलं वेगळं बटण असेल, तर ते समोरच्या काचेचं असतं. काही गाड्यांत ते दाबलं की यातली बरीच कामं आपोआप होतात. चौकोनी काचेचं चित्र मागच्या काचेसाठी. त्या काचेवर बारीक आडव्या तारा असतात, विजेनं त्या तापतात. त्यांच्यावर स्टिकर लावू नका, खरवडू नका.

जुन्या जीपला एसी नसेल तर पंखा बाहेरच्या हवेवर ठेवून वारा काचेकडे वळवा आणि दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली घ्या. चार थेंब अंगावर आले तर येऊ द्या. आणि एवढं करूनही दिसत नसेल, तर "दादा, जागा बघून बाजूला घ्या" असं सांगायला अजिबात संकोच करू नका.

कधी कधी ओलावा आतून नसतो, बाहेरून असतो. ओळखायचं कसं? काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उठली तर ओलावा आत. रेघ उठली नाही तर बाहेर. बाहेर दमट हवा आणि आत काचेवर एसीचा गार झोत, असं झालं की काच बाहेरून धुरकटते. त्याचा उपाय वेगळा. वायपर चालवा, गार वारा काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायांकडे वळवा आणि गारवा थोडा कमी करा.

वायपरचं नाव निघालं म्हणून सांगते. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन नावाच्या बाई न्यूयॉर्कला ट्राममधून जात होत्या. बाहेर बर्फाळ पाऊस होता आणि चालकाला काचेतून दिसत नव्हतं. त्यावरून त्यांना आतून दांडी फिरवून काच पुसायची युक्ती सुचली आणि १९०३ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. त्या गाडी चालवत नव्हत्या, आपल्यासारख्याच प्रवासी होत्या.

आता उन्हाळा. दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी भट्टीसारखी तापते. आत बसल्या बसल्या काचा बंद करून एसी लावू नका. आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते, ती आधी जाऊ द्या. चारी दारं क्षणभर उघडा. निघाल्यावर मिनिट-दोन मिनिटं काचा खाली ठेवून एसी सुरू करा. कोंडलेली गरम हवा निघून गेली की काचा वर घ्या आणि मग आतली हवा सुरू करा. एकदा गार झालेली हवाच फिरत राहिली की एसीला कष्ट कमी पडतात आणि इंधनही कमी लागतं.

पण आतली हवा किती वेळ ठेवायची? इथं लक्ष द्या. सगळ्यांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. माणसं भरलेली गाडी, काचा बंद आणि हवा आतलीच, असं तासभर चाललं की तो साठत जातो. डोकं जड होतं, जांभया येतात, डोळ्यांवर झापड येते. मागच्यांना झोप लागली तर बिघडलं नाही, चालवणाऱ्याला लागली तर? म्हणून लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा सुरू करा. लग्नाहून रात्री परतताना तर नक्कीच. मुलाला गाडी लागत असेल तरी कोंडलेल्या हवेत त्रास वाढतो. पुढे धूर सोडणारा ट्रक किंवा धुळीचा कच्चा रस्ता असेल, तेव्हा आतली हवा बरी. तो मागे पडला की पुन्हा बाहेरची.

थंडीत हीटर. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिन तापतं, त्याचीच ऊब हीटर आत आणतो. त्यामुळे गाडी सुरू केल्यावर काही मिनिटं तो गार हवाच फेकतो. बिघडलाय असं समजू नका, इंजिन तापू द्या. हीटरला वेगळं इंधन फारसं लागत नाही. विजेवरच्या गाडीत मात्र त्यासाठी बॅटरी खर्च होते. ऊब पायांकडे सोडा, गरम हवा आपोआप वर येते.

आता उभ्या गाडीच्या दोन गोष्टी. यात जिवाचा प्रश्न आहे.

पहिली, मुलं. "पाच मिनिटांत येते" म्हणून झोपलेल्या बाळाला बंद गाडीत ठेवू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली मोजमाप प्रसिद्ध केलं होतं. उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर हवा सौम्य असतानाही असंच झालं. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. अंगणातली गाडीही कुलूपबंद ठेवा आणि किल्ली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. खेळता खेळता मुलं आत शिरतात आणि दार आतून उघडता येत नाही.

दुसरी, इंजिन आणि एसी सुरू ठेवून उभ्या गाडीत झोपणं. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद शेडमध्ये, भिंतीला लागून उभ्या गाडीत किंवा सायलेन्सरला भोक असेल तर तो आत शिरू शकतो. डोकं दुखणं, मळमळणं, चक्कर येणं ही त्याची लक्षणं. पण झोपेत ती कळतच नाहीत. झोपायचं असेल तर इंजिन बंद करा, काचा थोड्या उघडा, गाडी सावलीत लावा. आणि बंद शेडमध्ये गाडी नुसती सुरूही ठेवू नका.

शेवटी थोडी निगा. बाहेरची हवा समोरच्या काचेच्या खालच्या जाळीतून आत येते. तिथं साठलेला पालापाचोळा काढत जा. बऱ्याच गाड्यांत डाव्या कप्प्याच्या मागं हवेची गाळणी असते. सर्व्हिसिंगला दिली की "गाळणी बघितली का?" असं विचारा. वारा कमी येत असेल तर बहुधा तीच तुंबलेली असते. एसी लावला की कुबट वास येत असेल, तर आतली जाळी ओली राहून बुरशी धरलेली असते. मुक्काम जवळ आला की पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा बाहेरच्या हवेवर चालू ठेवा. जाळी सुकते.

आजच्यासाठी एक छोटा अभ्यास देते. संध्याकाळी गाडी अंगणात उभी असेल तेव्हा चालवणाऱ्याला शेजारी बसवा आणि पाचही बटणं एकेकदा स्वतःच्या हातानं फिरवून बघा. बाण कुठे वळतो, दिवा कधी लागतो, वारा कुठून येतो, हे पाहून ठेवा. लेकीला नि सुनेलाही दाखवा. पाऊस तोंडावर आलाय, घाटात शिकायला वेळ मिळत नाही.

तुमच्या गाडीतलं एखादं चित्र कळलं नाही तर आपल्या केंद्रावर फोन करून विचारा, पुढच्या वेळी त्याबद्दल बोलू.