पूर्णगड परिसरातील हिरवळीसाठी खतांची निवड : मृदा व पर्जन्यमान यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
रत्नागिरी जिल्ह्यातील पूर्णगड हे गाव मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेले आहे. येथील उष्ण व दमट हवामानात आवारातील हिरवळ पावसाळ्यात झपाट्याने वाढते. मात्र पाऊस सरताच ती पिवळी पडू लागते. अशा वेळी खताची मात्रा वाढविण्याकडे कल असतो. वस्तुतः प्रश्न मात्रेचा नसून, दिलेले अन्नद्रव्य मुळांना मिळेपर्यंत मातीत टिकण्याचा आहे.

मृदा व पर्जन्यमान :
जिल्ह्यात वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. जांभ्या खडकापासून बनलेली मृदा आम्लधर्मी असून तिची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता अल्प असते. परिणामी नत्र व पालाश पाण्याबरोबर निघून जातात, तर स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बद्ध होते. वाहून गेलेले नत्र खाडीच्या पाण्यात मिसळून शेवाळाच्या वाढीस कारण ठरू शकते.

खतांची निवड :
युरियात 46 टक्के नत्र असते. म्हणजे 100 चौरस मीटर हिरवळीस 1 किलो युरिया दिल्यास 460 ग्रॅम नत्र मिळते. ही मात्रा जुलैच्या मुसळधार पावसात एकदम दिल्यास तिचा मोठा भाग वाया जातो. तीच मात्रा पावसाचा जोर ओसरल्यावर दोन-तीन हप्त्यांत देणे श्रेयस्कर होय. देशात उत्पादित युरियास 2015 पासून निंबोळी तेलाचे आवरण बंधनकारक आहे. त्यामुळे नत्राचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावते. युरिया ओलसर पृष्ठभागावर तसाच राहिल्यास अमोनियाच्या रूपाने नत्र हवेत जाते, म्हणून त्यानंतर हलके पाणी द्यावे. अमोनियम सल्फेटमुळे आम्लता अधिक वाढते. अशा मृदेत त्याचा सातत्याने वापर टाळावा. स्फुरदासाठी आम्ल मृदेत सावकाश विरघळणारे रॉक फॉस्फेट उपयुक्त ठरते.

कोकणातील भातशेतीत युरिया-डीएपी ब्रिकेट चिखलात खोचण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. हिरवळीत ब्रिकेट खोचल्यास गवत ठिपक्याठिपक्यांनी वाढते. म्हणून तेथे लहान हप्ते व चाळलेले शेणखत वा गांडूळखत हाच पर्याय उरतो. सेंद्रिय द्रव्यामुळे मृदेची धारणक्षमताही वाढते.

समारोप :
प्रथम माती परीक्षण, सामू फार कमी असल्यास चुना, त्यानंतर सेंद्रिय खत आणि शेवटी हप्त्यांनी नत्र, असा क्रम इष्ट ठरतो. गोणीवरील टक्केवारीपेक्षा खत देण्याची वेळ व मृदेची धारणक्षमता हेच येथे निवडीचे खरे निकष होत.