समृद्धीने गाड्या पळवल्या, आता मालेगावचे ढाबे कोणाच्या भुकेवर चालणार?

मालेगाव म्हटलं की बहुतेकांना नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागाचं मालेगाव आठवतं. पण ज्यांनी नागपूर ते छत्रपती संभाजीनगर हा प्रवास जुन्या रस्त्याने केलाय, त्यांना दुसरंही मालेगाव माहीत असतं. वाशिम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर. शेलूबाजार मागे टाकून मेहकरकडे निघालं की मध्ये लागणारं.

याच गावावरून अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा रस्ताही जातो. दोन मोठे रस्ते जिथे भेटतात तिथे गाड्या थांबतात, आणि गाड्या थांबल्या की चुली पेटतात. अशा गावांच्या आसपासचे ढाबे याच साध्या हिशोबावर उभे राहिले.

मग ११ डिसेंबर २०२२ हा दिवस आला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि हिशोब बदलला.

समृद्धीने नेमकं काय बदललं?

जुन्या रस्त्यावर ड्रायव्हरला भूक लागली की तो गाडी बाजूला घेतो. समृद्धीवर तसं करता येत नाही. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गावर चढायला आणि उतरायला ठरावीक जागाच आहेत, त्यांना इंटरचेंज म्हणतात. कडेला कोणाला टपरी टाकता येत नाही. थांबायचं तर ठरवून दिलेल्या सुविधा केंद्रावरच.

हा महामार्ग मालेगाव तालुक्यातूनही जातो, इंटरचेंजही आहे. पण गाडी गावाजवळून गेली म्हणजे ती ढाब्यावर आली असं होत नाही. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून तर नागपूरहून निघालेली गाडी थेट मुंबईच्या वेशीपर्यंत जाते.

जुन्या रस्त्यावर मग उरतं कोण? दुचाक्या आणि ट्रॅक्टर, कारण त्यांना समृद्धीवर बंदी आहे. शिवाय गावोगाव थांबणारी एसटी, टोल वाचवणारे ट्रक आणि आसपासची माणसं.

हे याआधी कुठे घडलंय का?

घडलंय, आणि ते आपल्यापासून फार लांब, उत्तर इंग्लंडमध्ये. १७०६ मध्ये यॉर्क ते लंडन घोडागाडी चार दिवसांत पोचेल अशी जाहिरात निघाली होती. यॉर्कमध्ये ही गाडी सुटायची ती ब्लॅक स्वान नावाच्या खानावळीपासून. अशा खानावळींना तिथे ‘इन’ म्हणतात. प्रवाशाला जेवण आणि खोली, घोड्याला तबेला आणि चारा. आपल्या ढाब्यावर ट्रकला जागा, ड्रायव्हरला खाट आणि अंघोळीला पाण्याची टाकी मिळते, तसाच प्रकार.

१८४० च्या सुमारास यॉर्क रेल्वेने लंडनशी जोडलं गेलं. चार दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. घोडागाड्या संपल्या आणि त्यांच्यावर जगणाऱ्या कितीतरी इनही संपल्या.

ज्या टिकल्या त्यांनी गिऱ्हाईक बदललं. वाटसरूऐवजी गावकऱ्यांची बैठक झाल्या. पुढे मोटारी आल्यावर लोक मुद्दाम जेवायला खेड्यात जाऊ लागले. १९९१ मध्ये लंडनच्या ‘द ईगल’ने पबमध्ये चांगल्या जेवणाला मान दिला आणि ‘गॅस्ट्रोपब’ हा शब्द रूढ झाला. यॉर्कशायरमधल्या हॅरोम या खेड्यातली, गवताने शाकारलेल्या छपराची ‘द स्टार इन’ तर थेट मिशेलिन स्टारपर्यंत पोचली.

आपल्याकडेही उदाहरण आहे. हरियाणातल्या मुरथलला १९५६ मध्ये ट्रकवाल्यांसाठी सुरू झालेल्या अमरीक सुखदेव ढाब्यावर आज दिल्लीकर रात्री गाडी काढून पराठे खायला जातात.

मग मालेगावने काय वाढायचं?

वाटेवरच्या गिऱ्हाइकाला पटकन, पोटभर आणि स्वस्त हवं असतं. मुद्दाम येणाऱ्याला घरी किंवा शहरात मिळत नाही ते हवं असतं. पनीर बटर मसाला नागपुरातही मिळतो. त्यासाठी कोणी इंटरचेंज उतरणार नाही.

पण तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या हिरव्या वांग्याचं भरीत? पातोडीचा झणझणीत रस्सा? गोवऱ्यांच्या आहारात भाजलेले रोडगे? हे वऱ्हाडाचं खरं भांडवल आहे. बरं, गंमत अशी की वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. सोयाबीनने ज्वारीचा पेरा मागे सारला, त्यामुळे ज्वारीची भाकर इथेही आता रोजची राहिली नाही. म्हणजे ढाब्यावर भाकर-ठेचा खपू लागला, तर जवळच्या शेतकऱ्याच्या ज्वारीलाही दारातच गिऱ्हाईक मिळेल.

कुटुंब येणार असेल तर आणखी दोन गोष्टी लागतात. स्वच्छ संडास आणि बायकांना निवांत बसता येईल असं वातावरण. चव कितीही भारी असू दे, या दोन गोष्टी नसतील तर लोक एकदाच येतात.

पण पब आणि ढाबा एक नाही

इंग्लंडमधल्या पबकडे दारूचा परवाना असतो. आपल्याकडच्या बहुतेक ढाब्यांकडे नसतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ६८ प्रमाणे विनापरवाना दारू पिण्याची सोय करून देणाऱ्या मालकावर, तर कलम ८४ प्रमाणे तिथे बसून पिणाऱ्या गिऱ्हाइकावरही गुन्हा दाखल होतो. बाटली आपण बाहेरून आणली, हे कारण चालत नाही. गिऱ्हाईक कमी झालं की या वाटेला जाण्याचा मोह होतो, पण त्यात कुटुंबं तुटतात आणि ढाबाही अडचणीत येतो.

तुम्ही काय करू शकता?

समृद्धीवर टोल किलोमीटरप्रमाणे लागतो. जेवायला मध्येच उतरून पुन्हा चढलात, तरी मुख्य खर्च कापलेल्या अंतराचाच असतो. शिवाय ताशी १२० च्या वेगमर्यादेच्या सरळसोट रस्त्यावर डोळ्यांना झापड येते, तेव्हा अर्ध्या तासाचा थांबा ही चैन नसते.

इन वाचल्या त्या रेल्वे थांबली म्हणून नाही. समृद्धीही थांबणार नाही. पुढच्या वेळी वाशिम जिल्ह्यातून जाताना भूक लागली, तर एकदा खाली उतरून बघा. आणि ढाब्यावर मेनूकार्ड मागण्याआधी एवढंच विचारा, “दादा, आज घरचं काय केलंय?”