दुसऱ्या घरची चूल
1877 साली जुनी मिल उभी राहिली आणि सोलापूरकर भोंग्यावर दिवस मोजू लागले. पुढे भोंगे थांबले. घरोघरचे माग मात्र चादरी, टॉवेल विणत राहिले.

बँकेत असताना अशाच एका मागवाल्याचा अर्ज माझ्यापुढे आला. चार माग, राबणारी घरचीच माणसे. आता पहिल्यांदाच महिन्याच्या पगारावर कामगार ठेवायचा होता. सूत, वीज, कर्जाचा हप्ता, सारे मांडलेले. मी विचारले, "मंदीत पगार कुठून देणार?"

"साहेब, माग बंद ठेवता येतो. माणसाचं पोट कसं ठेवणार?"

खेळत्या भांडवलात मी तीन महिन्यांचा पगार धरला. किमान वेतनाचा कायदा एकाच कामगारालाही लागू असतो. पण कायद्याआधी, पहिला माणूस ठेवला की दुसऱ्या घरची चूल आपल्या वहीत येते.